पुठ्ठ्याचा हात, पाण्याचा जोर : प्रकल्प नोंदी

३ मे

पुठ्ठ्याचा यांत्रिक हात करायचा ठरला. तो सिरिंज आणि पाण्यावर चालेल. मोटर आणि बॅटरी या खेपेला नाही. थोरलीची (सातवी) मोटरसाठी ओढ होती. धाकट्याला (चौथी) काहीही चालणार होतं, फक्त पंजा उघडमीट करणारा हवा. सिरिंजचा आग्रह माझा. मोटरचं बटण दाबलं की हात उचलला जातो, पण त्याला किती जोर लागला हे बटण दाबणाऱ्याला कळत नाही. दट्ट्या दाबताना ओझं जड असेल तर अंगठा दुखतो, हलकं असेल तर दट्ट्या सरसर जातो. मुलांनी नियम वाचण्याआधी तो अंगठ्याने ओळखावा, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

साहित्य जमवलं: पन्हळी पुठ्ठ्याची जाड खोकी, ५, १० आणि २० मि.ली.च्या सिरिंज, मत्स्यटाकीत हवा सोडायला वापरतात ती ४ मि.मी. आतल्या व्यासाची नळी, बांबूच्या काड्या, केबल टाय, रबर बँड, जाड दोरा, टोच्या, कटर, ग्लू गन. सिरिंज नव्या, बंद पाकिटातल्या आणि सुईशिवाय. कुठे पडलेली, वापरलेली सिरिंज धुऊनसुद्धा घ्यायची नाही, हे दोघांना नीट बजावलं. कटर आणि ग्लू गन मी चालवणार, टोच्या थोरली.

४ मे

काहीही कापायच्या आधी स्वतःचे हात पाहिले. खांदा, कोपर, मनगट मिळून किती तऱ्हेच्या हालचाली होतात ते मोजायला लावलं. खांद्याच्या तीन, कोपर वाकण्याची एक, दंड स्थिर ठेवून तळवा उपडा-उताणा करण्याची एक, मनगटाच्या दोन, एकूण सात. बोटं वेगळी. धाकट्याने लगेच सातही हव्यात असं जाहीर केलं. आम्ही चारवर थांबलो: बुड फिरणं, खांदा, कोपर, पंजा. प्रत्येक हालचालीला सिरिंजची एक जोडी आणि एक नळी लागते, म्हणजे आठ सिरिंज. पहिल्या हाताला तेवढ्या पुरेत.

मग पिशवीत पुस्तकं भरली. कोपर टेबलावर टेकवून हात आडवा धरायचा आणि पिशवी आधी तळव्यात, मग हाताच्या मध्यावर, मग कोपराच्या अगदी जवळ अडकवायची. पिशवी तीच, पण कोपराजवळ आली की हलकी वाटते. थोरलीने दुसऱ्या हाताने कोपराच्या आतल्या खोबणीत चाचपून ताणलेला स्नायूबंध शोधला. तो कोपरापासून जेमतेम चार-पाच सेंटिमीटरवर हाडाला जोडलेला असतो आणि तळवा त्याच्या सात-आठ पट लांब. म्हणजे तळव्यात एक किलो धरलं, तर दंडाच्या स्नायूला सात-आठ किलोंएवढी ओढ द्यावी लागते.

"मग तो लांब जोडलेला का नाही, आई? कमी दमलो असतो," हा थोरलीचा प्रश्न. उत्तर दिलं नाही. वहीत लिहून ठेवायला सांगितलं; पुठ्ठ्यावर त्याच प्रश्नाशी गाठ पडणारच आहे.

६ मे

दोन १० मि.ली. सिरिंज नळीने जोडल्या. आधी मुद्दाम हवा भरूनच. एक दट्ट्या दाबला की दुसरा थोडा वेळ जागचा हलत नाही, मग एकदम उसळतो. कारण उघड आहे: हवा दाबली की आकसते. दट्ट्याचं रबर सिरिंजच्या भिंतीला धरून असतं. ते सुटेपर्यंत हवा आकसत राहते आणि सुटलं की साठलेला दाब एका झटक्यात मोकळा होतो. धाकट्याने दुसरा दट्ट्या बोटाने अडवला आणि पहिला दाबला. पहिला निम्म्याहून जास्त आत गेला.

मग बादलीत सगळं बुडवून पाणी भरलं. आता दुसरा दट्ट्या अडवला की पहिला जागचा हलतच नाही. पाणी आकसतं, पण इतकं थोडं की आपल्या बोटांच्या जोराला ते जाणवणार नाही. दोघांचे चेहरे पाहण्यासारखे होते. एकाने दाबायचं, दुसऱ्याने अडवायचं, असा खेळ जेवायला हाक मारेपर्यंत चालला, आणि मी तो थांबवला नाही.

भरण्याची पद्धत लिहून ठेवते, कारण सगळ्या कामाचा जीव तीत आहे. नळी पाण्याखाली ठेवूनच सिरिंजच्या तोंडावर चढवायची. एक दट्ट्या पूर्ण आत, दुसरा पूर्ण बाहेर. जोडल्यावर नळी उभी धरून टिचक्या मारायच्या म्हणजे बुडबुडे वर येतात. पाणी उकळून गार केलेलं असेल तर त्यात विरघळलेली हवा कमी असते आणि नंतर बुडबुडे कमी सुटतात. प्रत्येक जोडीत वेगळा रंग घातला: खांद्याला निळा, कोपराला लाल, पंजाला हिरवा, बुडाला पिवळा. रंगामुळे बुडबुडा लगेच दिसतो आणि कुठली नळी कुठे जाते हे विचारावं लागत नाही.

७ मे

आज हिशोब. सिरिंजच्या आतल्या वर्तुळाचं क्षेत्रफळ काढायचं होतं. थोरलीचं पाय-आर-वर्ग सुरू झालं, पण आतला व्यास पट्टीने नेमका मोजता येईना. तेव्हा दुसरी वाट काढली: शून्यापासून शेवटच्या खुणेपर्यंतची लांबी मोजायची आणि घनफळाला तिने भागायचं. १० मि.ली.ची लांबी ५.५ सें.मी., म्हणून क्षेत्रफळ सुमारे १.८ चौ. सें.मी. ५ मि.ली.चं १.२, २० मि.ली.चं ३.१. धाकट्यालाही हा भागाकार जमला, याचा मला फार आनंद झाला.

मग ५ मि.ली.ची सिरिंज २० मि.ली.ला जोडली. लहान दट्ट्या चार सेंटिमीटर दाबला तर मोठा फक्त दीडेक सेंटिमीटर सरकतो, पण लहान दाबणारा धाकटा मोठा अडवणाऱ्या ताईला हरवतो! तिला दोन्ही हात लावूनही दट्ट्या रोखता येईना. उलट बाजूने दाबायची पाळी आली तेव्हा तो रडकुंडीला आला. द्रवावर एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो. दट्ट्याचं तोंड जितकं मोठं तितका त्यावरचा जोर जास्त. हा पास्कलचा नियम. ब्लेझ पास्कल १६६२ मध्ये वारला आणि द्रवांच्या समतोलावरचा त्याचा ग्रंथ पुढच्या वर्षी छापला गेला. या तत्त्वावर चालणाऱ्या दाबयंत्राचं पेटंट जोसेफ ब्रामाने १७९५ मध्ये घेतलं. नियम आणि यंत्र यांच्यामध्ये सव्वाशेहून जास्त वर्षं गेली, हे ऐकून थोरली म्हणाली, "एवढा वेळ का?" मला जे वाटतं ते सांगितलं: मोठ्या दाबाला न गळणारा दट्ट्या करणं अवघड होतं. पुढच्या आठवड्यात तिला ते स्वतःच कळेल.

आणखी एक गोष्ट याच दिवशी पक्की केली. सिरिंजचं तोंड बोटाने बंद करून दट्ट्या ओढला तर तो परत आत जातो. ओढताना आपण फार तर हवेच्या दाबाएवढाच जोर मिळवू शकतो, चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो. ५ मि.ली.च्या सिरिंजला म्हणजे सव्वा किलोच्या आत, आणि त्यातलं काही घर्षणात जातं. ढकलायला तशी मर्यादा नाही. नळी निसटेपर्यंत ढकलता येतं. म्हणून नियम ठरला: ओझं उचलायचं काम दट्ट्याच्या ढकलण्याने, खाली येण्याचं काम ओढण्याने आणि हाताच्या स्वतःच्या वजनाने.

१० मे

कापाकापी. पुठ्ठ्यातल्या पन्हळी हाताच्या लांबीला समांतर राहतील असेच तुकडे काढायचे. आडव्या पन्हळीचा तुकडा धाकट्याने दोन बोटांनी मोडून दाखवला, उभ्या पन्हळीचा मोडेना. दंड २० सें.मी., कोपरापुढचा भाग १८ सें.मी. प्रत्येक भाग दोन पट्ट्यांचा, मध्ये पुठ्ठ्याचेच ठोकळे. एकच जाड पट्टी केली असती तर ती सांध्यात पिळली गेली असती. दोन पट्ट्यांमध्ये सांधा दोन्हीकडून धरला जातो.

सांध्याला बांबूची काडी. पुठ्ठ्याचं भोक वापरून वापरून सैल होतं, म्हणून भोकात जाड स्ट्रॉचा तुकडा चिकटवला आणि काडी त्यातून घातली. काडीच्या दोन्ही टोकांना गोंदाचे गोळे. काडी स्ट्रॉमध्ये मोकळी फिरली पाहिजे, पण डावी-उजवीकडे हलता कामा नये.

११ मे

प्रकल्पातला सगळ्यात महत्त्वाचा दिवस. कोपरापुढच्या भागावर सिरिंजचा दट्ट्या कुठे जोडायचा?

थोरलीच्या वहीतला प्रश्न बाहेर आला. तिने सांध्यापासून ८ सें.मी.वर भोक पाडायचं सुचवलं, कारण लांब जोडलं की कमी जोर लागतो हे तिने पिशवीवरून ओळखलं होतं. धाकटा म्हणे, दंडाच्या स्नायूसारखं जवळच जोडू. वादावर निकाल न देता दोन्ही भोकं पाडली, ८ वर आणि ४ वर. ५ मि.ली.ची सिरिंज दंडाला केबल टायने बांधली, पण घट्ट आवळली नाही, कारण दट्ट्या सरकताना तिने थोडं डोलायला हवं. ती जखडून ठेवली तर दट्ट्या तिरका होऊन अडकतो.

आधी ८ सें.मी. दट्ट्या चार सेंटिमीटर बाहेर आला आणि हाताचं टोक ९ सें.मी. उचललं गेलं. बोटाला काहीच जाणवलं नाही, इतकं हलकं. पण टोक टेबलावरून उठून जेमतेम कपाच्या उंचीला पोचलं. ताईला ते पाहूनच कळलं, बोलायची गरज पडली नाही.

मग ४ सें.मी. तोच दट्ट्या, तेवढाच सरकला. टोक मात्र १८ सें.मी. वर. कोपर चांगलं साठ अंशांनी वाकलं. आता टोकाला ५० ग्रॅमचं वजन बांधलं आणि अंगठ्याला काम पडलं. टोक १८ वर, दट्ट्या ४ वर: ५० ग्रॅमसाठी दट्ट्याने २२५ ग्रॅमचा जोर द्यायचा. शिवाय हाताचा हा भाग स्वतः ४० ग्रॅमचा, त्याचं वजन मध्यावर म्हणजे ९ सें.मी.वर धरलं तर त्याचे आणखी ९०. झाले ३१५. सिरिंज काटकोनात नसते म्हणून खरा आकडा याहून मोठाच.

तो आकडा पाहायची एक छान युक्ती सापडली. चालवणारी सिरिंज उलटी धरायची, दट्ट्याचं बूड स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर टेकवायचं आणि सिरिंज वरून खाली दाबायची. काटा जोर दाखवतो. नुसत्या दोन सिरिंज, ओझं काहीच नाही, तरी काटा अडीचशे-तीनशेच्या आसपास गेला. हे सगळं रबराचं घर्षण. रबराला ग्लिसरीनचा थेंब चोळल्यावर ते बरंच उतरलं. (खनिज तेल लावू नये, काही रबरं त्याने फुगतात आणि दट्ट्या कायमचा अडकतो.)

थोरलीने आपल्या प्रश्नाखाली स्वतः उत्तर लिहिलं: "जवळ जोडलं की जोर जास्त लागतो पण हात लांबवर हलतो. शरीराने हालचाल निवडली." मी त्यात एका अक्षराचाही बदल केला नाही. तरफ, टेकू, बल, भार हे शब्द तिला शाळेतून माहीत होते. आज ते तिने आपल्या हाताने मांडलेल्या वस्तूंवर बसवले. बल मध्ये, भार टोकाला, टेकू दुसऱ्या टोकाला: तिसऱ्या प्रकारची तरफ. आपला हातही तोच.

निर्णय: ४ सें.मी.

१३ मे

लाल नळी निसटली, टेबल लाल. नळीचं टोक गरम पाण्यात धरून मऊ केलं, सिरिंजच्या तोंडावर खोल चढवलं आणि वरून बारीक केबल टाय आवळला. आता चारही जोड्यांना तसंच. न गळणारा सांधा किती अवघड असतो ते थोरलीला कळलं.

१७ मे

खांदा बसवला आणि हात पुढे केल्याबरोबर सगळा डोलारा तोंडावर आला. ३० सें.मी.चं चौकोनी बूड होतं, पण हाताची पोच ३८ सें.मी. धाकट्याने मागच्या कडेवर पाण्याची भरलेली बाटली ठेवली आणि डोलारा उभा राहिला. क्रेनच्या मागे काँक्रीटचे ठोकळे का असतात हे त्याला सांगावं लागलं नाही, त्यानेच मला सांगितलं.

खांद्याचा हिशोब थोरलीने तासभर बसून केला. हात पूर्ण आडवा धरलेला, प्रत्येक वस्तूचं वजन गुणिले खांद्यापासूनचं अंतर:

दंड ६० ग्रॅम, १० सें.मी.वर, ६००. पुढचा भाग ४० ग्रॅम, २९ सें.मी.वर, ११६०. पंजा आणि त्याची सिरिंज २५ ग्रॅम, ३८ वर, ९५०. बेरीज २७१०. त्यात टोकाला ५० ग्रॅमचं ओझं, १९००. एकूण ४६१०. खांद्याचा दट्ट्या सांध्यापासून ५ सें.मी.वर, म्हणून त्याने सव्वानऊशे ग्रॅमचा जोर द्यायला हवा.

निम्म्याहून जास्त जोर हाताला स्वतःलाच उचलण्यात जातो, हे त्या बेरजेने दाखवलं. अंतराळयानांवर वापरलेला कॅनडार्म हा यांत्रिक हात १५ मीटर लांब होता आणि १९८१ मध्ये पहिल्यांदा अंतराळात गेला. तिथे त्याने उपग्रह हलवले, पण पृथ्वीवर त्याला स्वतःचं वजनही पेलत नव्हतं. मुलांना हे सांगितलं तेव्हा दोघांनी आमच्या हाताकडे आदराने पाहिलं; तो निदान उभा होता.

खांद्याला १० मि.ली.ची सिरिंज ठेवली आणि ती चालवायला ५ मि.ली.ची. मोठा दट्ट्या दीडपट जोर देतो. पण ५ मि.ली. पाण्यात तो निम्माच सरकतो, म्हणून खांदा थोडाच वळतो. चालेल. उंचीचं काम कोपर करतं.

१८ मे

बूड फिरवायला जुन्या दोन सीडी, गुळगुळीत बाजू समोरासमोर. मधल्या १५ मि.मी.च्या भोकात पुठ्ठ्याची घट्ट गुंडाळी. सिरिंज बाजूने ढकलते. लगेच जमलं.

२४ मे

पंजा. धाकट्याची ही मुख्य इच्छा, म्हणून आराखडा त्याचा. दोन बोटं, एक स्थिर, एक हलणारं. दोन्ही हलणारी केली तर दातेरी चाकं लागतात आणि पुठ्ठ्याचे दात लवकर मऊ पडतात. रबर बँड बोट उघडं ठेवतो, सिरिंज ते मिटते.

सिरिंज पंजावर ठेवायची होती, पण थोरलीने शनिवारचा हिशोब काढला: टोकाचा प्रत्येक ग्रॅम ३८ ने गुणला जातो. मग पुन्हा स्वतःचा हात पाहिला. बोटं मिटताना मनगटाच्या वर काहीतरी हलतं. बोटांना जोर देणारे मोठे स्नायू बोटांत नसून कोपरापुढच्या भागात असतात आणि लांब स्नायूबंधांनी बोटं ओढतात. तेच केलं. सिरिंज मागे सरकवली, दट्ट्याचं तोंड कोपराकडे, दट्ट्याला दोरा बांधून तो पंजापर्यंत आणला. दट्ट्या बाहेर ढकलला की दोरा ओढला जातो आणि बोट मिटतं. १५ ग्रॅम ३८ सें.मी.वरून २४ वर आले. २७१० चे २५०० झाले. आकडा लहान आहे, पण खांद्याचा दट्ट्या दाबताना फरक कळतो असं दोघांचंही म्हणणं.

पकडण्यात खोडरबर लगेच जमला. पिंगपाँगचा चेंडू, वजन फक्त २.७ ग्रॅम, सारखा निसटत होता. जास्त दाबलं की आणखी लवकर निसटे, कारण सपाट बोटं गोल चेंडूला कडेवर दाबून बाहेर ढकलत होती. फुग्याचं रबर बोटांना चिकटवलं आणि एका बोटाला आतून खळगा दिला. धाकट्याने चेंडू उचलला, बुड फिरवायला ताईला ओरडून सांगितलं, आणि कपात टाकला.

२५ मे

चालवायच्या चारही सिरिंज एका पाटीवर बसवल्या. एका माणसाला दोन हात, म्हणून दोघांनी मिळूनच हात चालवावा लागतो, आणि ही गोष्ट मला हवीच होती. पहिला तास भांडणात गेला. नंतर त्यांनी स्वतःच हुकमांची भाषा ठरवली: लाल वर, निळा थांब, पिवळा डावा, हिरवा मीट. पुढे थोरलीने हुकूम क्रमाने कागदावर लिहिले आणि बोलणं बंद करून कागद पाहूनच चेंडू कपात टाकायचा घाट घातला. कारखान्यात कामाला लागलेला पहिला औद्योगिक रोबो, युनिमेट, १९६१ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीतल्या मोटार कारखान्यात साच्यातले गरम ओतीव भाग उचलत होता. तोही द्रवाच्या दाबावरच चाले आणि हालचालींचा क्रम चुंबकीय ड्रमवर साठवलेला असे. थोरलीचा कागद म्हणजे तो ड्रम. तिला हे सांगितलं तर खरे रोबो मोटरवर चालतात हे तिचं जुनं म्हणणं तिने स्वतःच खोडलं.

३१ मे

मोजमाप. हात पूर्ण पसरलेला असताना ६० ग्रॅमपर्यंत नीट उचलतो. ८० ला दंडाचा पुठ्ठा सांध्याजवळ दुमडायला लागतो. कोपर वाकवून ओझं जवळ आणलं तर १२० ग्रॅमही उचलतो. मर्यादा पुठ्ठ्याची आहे, पाण्याची नाही. अंगठ्याने तीन किलो जोर दिला तर ५ मि.ली.च्या सिरिंजमध्ये दाब सुमारे अडीच बार होतो (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा). जेसीबीच्या नळ्यांत दोनशे बारहून जास्त असतो, म्हणून तिथे पोलाद आणि तेल.

पाणी काढून सिरिंज सुकवल्या, नाहीतर रंगीत पाण्यात शेवाळ धरतं. पुढच्या हाताचा दंड पुठ्ठ्याचे तीन थर चिकटवून, मधल्या थराच्या पन्हळी आडव्या ठेवून करायचा. थोरलीला मनगट फिरवायचं आहे. धाकट्याला कोपराचं भोक ३ सें.मी.वर पाडून बघायचं आहे. टोक किती वर जाईल आणि काटा किती दाखवेल, हे त्याने आधीच वहीत लिहून ठेवलं आहे.